पाटावरची सकाळ

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की देवळालीतली ती सकाळ आठवते. मी कित्येक महिने उदास होते आणि गोळ्या चालू होत्या. उन्हात चाललं की मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मन ताजं ठेवणारं रसायन, वाढतं, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून थोरली बहीण मला रोज पाटाच्या कडेनं ओढत न्यायची. वाटेत भेटणारा प्रत्येक जण केळी खायला, हसत राहायला सांगायचा. त्या दिवशी मी मातीतच बसले आणि ओरडले, "मला न्हाई बरं व्हायचं, सोड मला!" तीही शेजारी बसली आणि रडायलाच लागली. "मग मी काय करू गं? मला येवढंच जमतंय." तिचे सुजलेले पाय मला तेव्हा दिसले. मी चिडतच उठले, तिला हात दिला आणि चालू लागले. आज मी बरी आहे. कशानं बरी झालीस, असं लोक विचारतात, तेव्हा मला धड सांगता येत नाही आणि त्याचीही चीड येते.