हौसानं पिळलेली खुंटी

ही गोष्ट जिभेवर येऊन किती वेळा माघारी गेली, सांगता येत नाही. बायको गेली, तिलाही कळली नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट उमगत नाही.

लढाई संपली त्याच्या पुढच्या सालातली. सांगलीत माझं तंबोऱ्याचं दुकान होतं. पाटणकडचा शिदू नावाचा फौजी बायकोला घेऊन आला. इटलीतून त्यानं गिटार आणली होती; बैलगाडीतून पडून तिची दांडी मोडली होती. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेलेली. बोलली ती बायको, हौसा.

"आवं, घरी आल्यापास्नं ह्ये कुणाशी बोलत न्हाईत. ही गिटार वाजवत्यात, तवा तेवढं बोलत्यात. उरल्या बोटांत मावंल अशी बारीक दांडी करा."

गिटार मी कधी हातात धरली नव्हती. तरी 'करतो' म्हणालो. सागाचा तुकडा पटाशीनं घडवला. मग कानस — थोडी फिरवायची, मूठ मिटून बघायची, पुन्हा फिरवायची. मापाला शिदू आला. दांडी मुठीत धरून त्यानं अंगठा मागून सरकवला आणि म्हणाला, "बसली की, गड्या!" हौसानं तोंडाला पदर लावला.

तिथंच का थांबलो नाही मी? शेवटचा हात म्हणून काचेनं तासत होतो — आणि खुंट्यांच्या खाली चीर दिसली. केसाएवढी. लाकूड आतून फाटलेलं. ती दांडी टाकून द्यायला हवी होती. कळत नव्हतं का? कळत होतं. पण सारं पुन्हा पहिल्यापासून? आणि विलायती वाद्यसुद्धा मी घडवतो, हे गल्लीभर सांगून झालं होतं. चिरेत लाख वितळवून भरली, वर भुसा चोळला, पॉलिश मारलं. दिसेनाशी झाली.

महिन्याभरानं दोघं परत आली. दांडी त्या चिरेवरच मोडली होती. आतली लाख मला दिसत होती — त्यांना ती काय कळणार? शिदू माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "तार लय ताणली असणार."

हौसाचा चेहरा उतरला. "खुंटी मीच पिळती," ती म्हणाली. "ह्यास्नी बोटांनी जमत न्हाई, म्हून."

शिदूनं तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. गिटार तिथंच टाकून तो रस्त्याला लागला. ती मागनं धावली. हाक मारायची होती — 'थांबा', एवढंच. मारली नाही.

पुढच्या साली लाकूड बघायला कराडला गेलो होतो. बाजारात हौसा दिसली. मी तोंड चुकवत होतो, तीच पुढं आली. शिदू रानात जातो, म्हणाली. बोलतो का? — कसं विचारलं मी, कुणास ठाऊक.

"न्हाई. माझ्यासंगं तर न्हाईच." मग तिनं हात जोडले. "दादा, तुमची येवढी म्हेनत मी मातीत घातली. राग धरू नगा."

आणि भर बाजारात, तिच्या डोळ्यांत बघून, मी तिला माफ केलं.