तरीच्या बंगल्यातली ओ

भोरच्या अलीकडं नदीकाठी एक दगडी बंगला होता. होता म्हणते, कारण पुलाचा रस्ता रुंद करताना यंदा तो पाडला. धरणाच्या कामावरच्या साहेबांनी तो बांधला होता, पुरात अडकलेल्या अंमलदारांना तरीची, म्हणजे पलीकडं नेणाऱ्या होडीची, वाट बघत बसता यावं म्हणून. साहेब गेले, मग सरकारी जीपा यायच्या, त्याही थांबल्या. राहिले ते तरीची होडी चालवणारे आणि बंगला राखणारे, म्हणजे माझी आत्या आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो. साहेबाच्या भिंतीतल्या शेकोटीत आत्या कांदे ठेवायची.

त्या घरात एक रीत होती. नदीपलीकडून कुणी हाक मारली, ‘तर सोडा होऽऽ’, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. नदी माणसाच्या आवाजात हाक मारते, पण तिसऱ्यांदा कधी मारत नाही, असं मामा सांगायचे. तिसरी आली की खुशाल होडी सोडायची. साहेबाच्या वेळी म्हणे एक पट्टेवाला पहिल्याच हाकेला धावत गेला आणि होडी तेवढी परत आली. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं जायचो तेव्हा पाणी प्यायला उठायचीसुद्धा माझी छाती नव्हती.

पूल व्हायच्या आधीची गोष्ट. भादव्यात मामा बाजाराला पलीकडं गेले होते. मामा नसले की काठाकाठाला बांधलेला दोर ओढत आत्याच होडी न्यायची. दिवेलागणीला हाक आली. आवाज मामांचाच. आत्या चुलीपुढून उठली आणि रीतीप्रमाणं थांबली. दुसरी आली. ती दारात येऊन चौकटीला धरून उभी राहिली. तिसरी आलीच नाही. सकाळी मामा खालच्या वळणावर, बाभळीला अडकलेले सापडले.

“त्यांनीच शिकवलं मला, आन त्येच कसं इसरतील?” आत्या मला विचारायची. दर वेळी तेच. “त्यांनी मारली आसंल तिसरी. वाऱ्यानं मलाच आली न्हाई. का मारलीच न्हाई? येवढंच कळाय पायजेल बग मला.” काय सांगणार कप्पाळ!

तेव्हापासून ती पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागली. पूल झाला, होडी काठावर कुजली, तरी पलीकडं कुणी म्हशीला हाळी दिली की ही पायरीवर येऊन ‘व्हयऽऽ, आलेऽऽ’ म्हणून ओरडायची. पोरं मुद्दाम हाका मारून दात काढायची. मी एकदा वैतागले.

“आत्या, टिटवी हाय ती!”

“आसंल. टिटवीला बी अलीकडं यायचं आसंल.”

पुढं बंगला पाडायची नोटीस लागली. आत्या हलेना. मला कापूरहोळला खोल्या आहेत, कशाची अडचण नाही, पण तिचं एकच. “म्या गेल्यावर हितं ओ कोन देनार?” मी चिडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, “पोरी, येक काम कर. पलीकडच्या होडीच्या जुन्या उतारावर जा, आन ह्ये मारायचे तशी हाक मार. तीनदा. ती तिसरी निस्ती कानावर पडूंदे माज्या. मग चल म्हनशील तिकडं येते.”

एवढ्यासाठी ही बाई इतकी वर्षं त्या भिंतींत बसली होती. टेम्पोत तिचं बोचकं, कांदे, पाट्याचा दगड चढवला आणि मी पुलावरून पलीकडं गेले. सांज झाली होती. उताराची फरशी शेवाळली होती, जपून उतरले. पलीकडं बंगल्याच्या पायरीवर तिचं पांढरं लुगडं दिसत होतं. वारं पडलेलं, पाणी अगदी गप्प.

मामांसारखा आवाज कसा काढायचा, याचीच मला लाज वाटत होती. खाकरले. पदर सारखा केला. तोंड उघडणार, तोच पलीकडून आत्याची ओ आली.

“व्हयऽऽ! आलेऽऽ!”

आणि ती पायऱ्या उतरून टेम्पोकडं चालायला लागली. मागं बघायचा धीर झाला नाही. पुलावरून मी पळतच आले.

आत्या पुढच्या सीटवर बसली होती. तोंड धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. कितीतरी वर्षांनी तिला असं बघत होते.

“तिन्ही आल्या बग,” ती म्हणाली. “तिसरी लई मोठ्यानं मारलीस.”

मी एकही मारली नव्हती.

“मारली की,” मी म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला निघायला सांगितलं.