उंदरानं नेलेली अंडी

आई गेल्यावर बाबा ब्रह्मपुरीला माझ्याकडे राहायला आले. एस.टी.ची ड्रायव्हरकी करण्यात सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे घरात बसून दिवस कसा काढावा हे त्यांना कळेना. म्हणून मी लव्हबर्ड्सची जोडी आणली. अंग हिरवं, तोंड केशरी. "दोन्ही नर हायेत मॅडम, पिल्लांची झंझट नाई," दुकानदार म्हणाला होता. या पाखरांत नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यात त्यातलं एक पाखरू वर्तमानपत्राच्या पट्ट्या कातरून शेपटीजवळच्या पिसांत खोचायला लागलं आणि पिंजऱ्यातल्या मडक्यात नेऊन रचायला लागलं. बाबांना भारी कौतुक. चार पिल्लं निघाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण दोन महिन्यांत पिंजरा पुरेना. नरानं एका पिल्लाच्या पायाचं बोट चावून तोडलं. चौघांना चांगली घरं शोधताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटचं पिल्लू गेलं त्याच आठवड्यात मडक्यात पुन्हा अंडं दिसलं.

माझं कॉलेजात शिकवणं, घर, नवरा एटापल्लीला नोकरीवर, शनिवारी उगवणारा. मला आणखी पिल्लं नको होती. मडकं काढून टाकू म्हटलं तर बाबा चिडले. "तिचं घर काऊन उजाडून राह्यली?"

मग बाबा सकाळी फिरायला गेले की मी मडक्यात हात घालायची. मादी बोटाला कडकडून चावायची. अंडं न्हाणीत फोडून वर बादलीभर पाणी ओतायची. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "उंदीर नेत असन." त्यांनी पिंजऱ्याला खालून पत्रा ठोकला. हातोडीचे घाव मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मी अंडं काढलं की एक दिवसाआड ती दुसरं घालायची. मी तेही काढायची. पुढं पुढं त्यांची कवचं बोटाखाली दबायला लागली. माझ्या ते लक्षात आलं होतं, तरी मी थांबले नाही.

थंडी पडली होती. एका सकाळी बाबांनी ओरडून बोलावलं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वासागणिक शेपटी वरखाली होत होती. मी तिला बुटांच्या खोक्यात घेतलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं खोक्यात डोकावून हात मागं घेतला.

"भाऊ, मी गाई-बकऱ्यांचा डॉक्टर. हिला हात लावायची मले भीती वाटते."

तरी त्यानं नागपूरच्या आपल्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती पक्ष्यांवर उपचार करायची. स्पीकरवरून तिचा आवाज आला, "अंडं अडकलंय. पोट अजिबात दाबू नका. ऊब द्या, ओल द्या, मी सांगते तेवढेच कॅल्शियमचे थेंब द्या. आधी सांगा, एवढ्यात किती अंडी घातली तिनं?"

"लय घातले," बाबा म्हणाले. "पण एक राह्यलं नाई. उंदरानं नेले."

"उंदरानं? कोणी काढत तर नाही ना? अंडं काढलं की मादी दुसरं घालते. अंगातलं कॅल्शियम संपतं, मग हे असं होतं."

खोक्यातल्या पाखराची शेपटी हलत होती. मी म्हटलं, "मीच काढत होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

दवाखान्यात लाइट नव्हती, बल्बची ऊब देता येईना. समोरच्या टपरीवर पाणी गरम करून पिशवीत भरायचं, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायचं, निवलं की पुन्हा. बाबा स्वतः ये-जा करत होते. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी ती डॉक्टरच्या हातात दिली. मला वाटलं, ही मेली तर बाबा पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत.

दुपार कलली तेव्हा मादीनं दोन-तीनदा अंग ताणलं, आणि मऊ कवचाचं, रक्ताची रेघ असलेलं अंडं फडक्यावर आलं. डॉक्टरनं लगेच नागपूरला फोन लावला. बाबा बाहेर जाऊन टपरीच्या बाकावर बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"मले सांगतलं असतं तं मी आयकलो नसतो," ते म्हणाले. "भांडलो असतो. पण सांगाले पाहिजे होतं तुनं."

नागपूरच्या डॉक्टरनं पुढचं समजावलं होतं. नराला वेगळं ठेवा, संध्याकाळी लवकर पिंजरा झाकून दिवस लहान करा, कागद देऊ नका. अंडी आलीच तर ताजी असतानाच उकळून, गार करून परत ठेवा, म्हणजे पिल्लं होणार नाहीत. तिला बसू द्या, मन भरलं की ती उठेल, मगच मडकं काढा.

त्यानंतर तिनं दोन अंडी घातली. मी पातेलं ठेवलं तर बाबांनी मला बाजूला केलं. पाणी उकळेपर्यंत ते ओट्याला धरून उभे होते. अंडी चमच्यानं त्यांनीच सोडली, त्यांनीच काढली, गार झाल्यावर मडक्यात ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मादी त्या अंड्यांवर तीन आठवड्यांच्या वर बसली. तेवढे दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एकदा मी वर्गात असताना त्यांचा फोन आला. मी घाबरून बाहेर आले.

"उठली," बाबा म्हणाले. "आपल्या मनानं उठली. राळ्याचे दाणे खाऊन राह्यली. तू आली का मडकं काढू, दोघं मिळून."