बाबांची वेज आणि बाल्कनीतला ग्राइंडर

लोखंडाची भुकटी कितीही झाडा, संपत नाही. आज बाल्कनी लख्ख केली की उद्या ती चपलेत सापडते, परवा चहाच्या गाळणीत, आणि आठवड्याने बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत. आमच्याकडच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक आवरायला घ्यावा तर कोपऱ्यातून चार नवे निघतात. तेव्हा एकदा सांगूनच टाकते, निदान घर तरी मोकळं होईल!

आधी थोडं समजून घ्या. माझे बाबा केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. मूळचे साताऱ्याचे, पण तीस वर्षं दिल्लीत, आणि सध्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पन्नाशी उलटल्यावर साहेबलोकांनी ओढून नेलं म्हणून गोल्फ शिकले. खात्याची वर्षातून एक स्पर्धा असते. तिथे शेवटच्या होलच्या अलीकडे वाळूचा एक खड्डा आहे, बंकर. बाबा सलग आठ वर्षं त्या खड्ड्यात अडकले. अडकले म्हणजे काय, तर सात-आठ फटके मारायचे, मग बॉल हाताने उचलून खिशात घालायचा, टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं. लोक हसतात. बाबाही हसतात. मला ते बघवत नाही.

यंदाची स्पर्धा फेब्रुवारीत होती आणि मार्चअखेर बाबा रिटायर होणार होते. म्हणजे खड्ड्यातून बाहेर यायची ही शेवटची संधी.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. दोष बाबांचा नाही, वेजचा आहे, हे मी केव्हाच सांगितलं होतं. वेज म्हणजे वाळूतून बॉल उचलून काढायची जड डोक्याची काठी. तिचा तळ फुगीर असतो, कारण ती बनते खोल, मऊ वाळूच्या देशांसाठी. आमच्या बंकरमध्ये चार बोटं वाळू आणि खाली भाजलेल्या विटेसारखी जमीन! फुगीर तळ तिच्यावर आपटून उसळतो आणि काठी थेट बॉलच्या पोटात बसते. उपाय सोपा आहे. तळ मागच्या कडेने आणि टाचेकडून, म्हणजे दांड्याजवळच्या कोपऱ्यातून, घासून कमी करायचा. जमीन आपली, मग अवजार आपल्या जमिनीप्रमाणे का नको? दरवेळी आपणच का वाकायचं? मला हा स्वातंत्र्याचा प्रश्न वाटतो. घरात इतर कुणालाही वाटत नाही.

*

गेल्या मे महिन्यात मी मागच्या बाल्कनीत लोखंड घासायचा ग्राइंडर बसवला. त्याच दिवशी, त्याच बाल्कनीत, आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. मी बघितल्या नाहीत. ठिणग्यांकडे बघत होते.

आई आली तेव्हा पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळी नक्षी उमटली होती. समोरच्या बाल्कनीतून भाटिया आंटींनी विचारलं, "भाभीजी, इस बार काली मिर्च डाली है क्या?"

"हाँ जी," आई दात आवळून म्हणाली, "बेटी ने डाली है!"

कुरडया फेकायच्या आधी तिने एक तळली आणि बाबांच्या ताटात ठेवली. तुमच्या लाडक्या लेकीने काय केलंय ते कळू दे, हा हेतू. बाबांनी घास घेतला. कर्रकन आवाज आला. कुरडईचा नव्हता तो. बाबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "चांगली झालीय."

आई माझ्याकडे वळली. "या माणसाला विचारून विचारून तू वेज घासणार आहेस?"

मी हसले होते. ऑगस्ट येईपर्यंत हसू पार गेलं. कारण वेज थोडी घासायची, बाबांच्या हातात द्यायची, आणि "कसं वाटतंय?" विचारायचं, एवढाच मार्ग होता. आणि उत्तर कायम एकच. "चांगलं आहे." मागची कड घासली, चांगलं आहे. जास्त घासली, चांगलं आहे. अहो, कुठे अडतंय, कुठे उसळतंय, काहीतरी सांगा ना! "नाही गं, बिल्कुल ठीक आहे."

*

घासायच्या सरावासाठी आणलेली पहिली जुनी वेज मी जाळली. खरोखर. घाईत इतकी दाबून धरली की तळ निळा पडला. मग गाझियाबादला एका कारखान्यात गेले. तिथले रामऔतार मिस्त्री आयुष्यभर लोखंड घासत आलेले. त्यांनी पट्ट्याच्या मशीनवर वेज धरून दाखवली. हलका हात, दोन क्षण, लगेच पाण्यात.

मी धरली तेव्हा म्हणाले, "मॅडम, लोहा कुछ बोल रहा है, और आप दबाए जा रही हैं।"

मी मशीन बंद केलं आणि पोलाद तापल्यावर त्याच्या आत काय होतं ते त्यांना समजावलं. चांगली दहा मिनिटं. चौथ्या सेमिस्टरचा अख्खा पेपर! मिस्त्री मान डोलावत ऐकत राहिले. शेवटी मी पुन्हा मशीन लावलं, वेज दाबली, आणि ते शांतपणे म्हणाले, "अब नीचे से छूकर देखिए।"

मी हात लावला आणि किंचाळले.

"बस," मिस्त्री म्हणाले, "मैं इतना ही कह रहा था।"

*

कॉलनीत बातमी पसरली की जोशींच्या मुक्ताने मशीन घेतलंय. दुसऱ्या दिवशी साठे काकू विळी घेऊन दारात!

"इथला धारवाला विळीला हात लावत नाही गं. उलटीसुलटी करून बघतो आणि 'ये कौन-सा हथियार है' म्हणून परत देतो. माझी नात तर तिला नुसतं 'ते कापायचं' म्हणते. तू तरी ओळखशील."

मी म्हटलं, काकू, हे धार लावायचं दुकान नाही. हे संशोधन आहे. काकू म्हणाल्या, "हो का? बरं, मग संशोधन झालं की लाव." आणि विळी ठेवून गेल्या. आठवड्यात बाल्कनीत चार विळ्या, एक अडकित्ता आणि कुणाचीतरी शिंप्याची कात्री जमली. सगळ्यांना धार लावून दिली. काय करणार! पण विळी न्यायला आल्यावर काकूंनी बाबांची वेज उचलली, तळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला कधी लावणार धार?"

"हिला धार लावायची नाही, काकू. हिची कड गोल करायची. बोथट."

काकूंनी मशीनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाल्या, "एवढं शिकवलंत हो हिला!"

*

धारेचं वेड काकूंना शोभतं. पण मेहरोत्रा साहेबांना? ते बाबांचे वरिष्ठ आणि खेळातले जोडीदार. स्वतःची वेज घेऊन घरी आले आणि म्हणाले, "बेटा, आगे से एकदम चाकू बना दो।"

मी सांगितलं, सर, पुढची कड धारदार केली की ती जमिनीत घुसते. चित्र काढून दाखवलं. त्यांनी चहा घेतला, चित्र बघितलं, म्हणाले, "बिल्कुल सही। तो चाकू कब तक बन जाएगा?"

"नहीं बनेगा," मी म्हणाले. "ये ग़लत है, सर।"

बाबा इतके पांढरे पडले की आई पाणी घेऊन आली. साहेब गेल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, "मुक्ता, ते माझा गोपनीय अहवाल लिहितात."

साहेबांनी बाहेरून कुठूनतरी धार लावून घेतली. पुढच्या रविवारी मी बाबांची काठ्यांची बॅग घेऊन मैदानावर सोबत होते. साहेबांनी ऐटीत वेज फिरवली. खच्चकन आवाज झाला. बॉल जागेवर! साहेबांनी हात सोडला, तर वेज जमिनीत रुतून ताठ उभी. कुणी आधार न देता, देवळापुढच्या दीपमाळेसारखी! मी आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात साहेब अभिमानाने बाबांकडे वळले.

"देखा, जोशी? इसको कहते हैं धार!"

"चांगली आहे, सर," बाबा म्हणाले.

*

बंकरचा सराव कुठे करणार? कॉलनीच्या पार्कच्या कडेला दुरुस्तीच्या कामासाठी वाळू आणून टाकली होती. मी त्यातली थोडी कडक जमिनीवर चार बोटं पसरली. हुबेहूब बंकर!

बाबा काठावर उभे. आत यायला तयार नाहीत. "ही सरकारी वाळू आहे."

"बाबा, आपण ती खाणार नाही आहोत!"

"वापर हा वापरच."

अर्धा तास वाद घातला. मी वैतागून एकटीच फटके मारायला लागले आणि एकही बॉल बाहेर निघेना, तेव्हा कुठे त्यांना दया आली. सहा फटके मारले. प्रत्येक फटक्यानंतर मी विचारलं, प्रत्येक वेळी तेच उत्तर. मग वाळू फावड्याने ढिगावर परत टाकली, वर झाडू मारला. निघताना बाबा फाटकापाशी थांबले, परत मागे गेले, वाकले, पँटच्या दुमडीत अडकलेली वाळू चिमटीने काढली आणि ढिगावर झटकली.

मी आभाळाकडे बघत उभी राहिले.

*

डिसेंबरात यास्मिनने तोडगा सुचवला. यास्मिन सोलापूरची, माझी मैत्रीण. मुनिरकात खोली घेऊन राहते आणि फिजिक्समध्ये पीएचडी करते. तिचा माणसांवर विश्वास नाही, फक्त प्रयोगांवर आहे.

"या वेळी काहीच घासू नकोस," ती म्हणाली. "नुसतं मशीन चालव, पुसून दे, आणि विचार."

मी बाल्कनीत पंधरा मिनिटं मशीन रिकामं फिरवलं. वेज पुसली आणि बाबांना दिली. यास्मिन वही उघडून बसली. बाबांनी अंगणात दोन-चार फटके मारले.

"वा! आता फरक जाणवतोय," बाबा म्हणाले. "खूपच चांगलं आहे!"

मी जिन्यात जाऊन बसले. सात महिने! सात महिने मी या माणसाच्या शब्दावर पोलाद घासत होते! यास्मिन शेजारी येऊन बसली आणि वही मिटली.

"मुक्ता, तुझे बाबा वेज तपासतच नाहीयेत गं," ती म्हणाली. "ते तुला पास करतायत."

त्यानंतर मी विचारणंच सोडून दिलं. माझ्या अंदाजाने घासली, पॉलिश केली आणि बॅगेत ठेवून दिली. हात लावून बघितली का, तेसुद्धा विचारलं नाही. फार राग आला होता.

*

स्पर्धेच्या दिवशी बॅग मीच उचलली होती. जोडीला मेहरोत्रा साहेब. बाबांचं स्कोअर-कार्ड त्यांच्याकडे. त्या दिवशी बाबांना काय झालं होतं कोण जाणे, सगळे फटके सरळ! शेवटच्या होलला आलो तेव्हा साहेब कार्ड बघून म्हणाले, "जोशी, आज तो तुम्हारा नंबर आ रहा है। पहले तीन में!"

राहिला तो खड्डा. बाबांनी फटका मारला. बॉल नेहमीप्रमाणे खड्ड्याच्या दिशेने निघाला. मी वेज बॅगेतून अर्धी बाहेर काढलीसुद्धा! तेवढ्यात बॉल कडुनिंबाच्या फांदीवर टाणकन आदळला, वळला, आणि होलच्या झेंड्यापासून दहा पावलांवर हिरवळीत जाऊन बसला.

आठ वर्षांत पहिल्यांदा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते बॉलकडे बघत होते. मग माझ्या हातातल्या वेजकडे बघितलं. मग खड्ड्याकडे.

"सर," ते साहेबांना म्हणाले, "मेरा नाम काट दीजिए।"

"क्या? तबियत ठीक है?"

"जी सर। एक फ़ाइल पेंडिंग है।"

माझ्या हातातून वेज घेतली, खिशातून दुसरा बॉल काढला आणि बाबा चालत खड्ड्यात उतरले.

"बाबा!" मी ओरडले. "बॉल तिकडे आहे! नंबर येतोय तुमचा! बाबा, वेड लागलंय का?"

त्यांनी बॉल वाळूत टाकला. पाय रोवले. पहिला फटका. वाळू उडाली, बॉल वीतभर सरकला. मागे खोळंबलेले लोक गोळा झाले. दुसरा फटका. वाळू बाबांच्या मिशीत, बॉल तिथेच. कुणीतरी हसलं. मी डोळे मिटले.

तिसऱ्याचा आवाज वेगळा होता. मऊ, भरीव, गव्हाचं पोतं जमिनीवर ठेवावं तसा. डोळे उघडले तर बॉल खड्ड्याच्या काठावरून निवांत वर येत होता. गवतावर पडला, दोनदा टप्पे घेतले, झेंड्याच्या बाजूने पुढे गेला आणि थांबला.

"वाह, जोशी, वाह!" साहेब ओरडले.

मी धावत काठावर गेले. बाबा टोपी न काढता वर आले. खिशातून रुमाल काढला, वेजचा तळ पुसला. मग चष्मा कपाळावर सारून तळावरून अंगठा फिरवायला लागले. मागच्या कडेवरून. सावकाश. पुन्हा एकदा. मी काही विचारलं नव्हतं.

"मुक्ता," ते म्हणाले, "टाचेकडून अजून थोडं काढ. तिथे अडतंय."