फॉरमॅट केलेल्या कार्डातली अव्वा

परवा दुपारी, सोलापुरात, आमच्याच हॉलमध्ये बसून मी पुरती गोंधळून गेले... अजूनही नीट उलगडलेलं नाही.

माझी लेक गौरी सध्या घरूनच काम करते. नेमकं काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, "मम्मी, कर्नल म्हणजे कम्प्युटरचा मुख्य कारभारी. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत जागा तोच देतो. कधी आधीचं न पुसताच देतो, मग एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. अशा चुका मी शोधते."

मला एवढंच कळलं, की जुनं तसंच राहिलं तर धोका. माझा जुना फोन शेजारच्या काकूंना द्यायचा होता. गौरी मीटिंगला बसल्यावर मी त्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे सगळं पुसून टाकलं. चालतंय का बघायला दोन-चार फोटोही काढले...

आणि मग आठवलं. त्यात अव्वा होती.

अव्वा म्हणजे माझी आई. ती गेल्यावर तिचा आवाज म्हणून ते एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. तेही माझ्या फोनवर तिच्या हातून चुकून झालेलं, कुंभारी गावातल्या घरी, दारात भाजीवाल्याशी बोलताना. शेवटी ती मला हाक मारते. त्या हाकेसाठीच मी ते ऐकायची.

मीटिंग संपताच गौरीला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "फॉरमॅटनं लगेच पुसत नाही गं. जागा रिकामी आहे, एवढीच नोंद होते. वर दुसरं काही येईपर्यंत आतलं असतं."

"म्हणजे तुझ्या त्या कारभाऱ्यासारखंच?"

"ती मेमरी वेगळी, हे कार्ड वेगळं. पण न पुसायची सवय तीच."

तिने कसलंसं सॉफ्टवेअर लावलं. बऱ्याच वेळाने अव्वा बोलली.

"लई म्हाग लावलायस की रे. कालची हायत ही वांगी, माझ्यावानी सुरकुतल्यात."

"आज्जी, तुमी सुरकुतला तरी तोंड ताजं हाय की."

मग नुसती खरखर... माझे फोटो नेमके पुढच्या भागावर बसले होते. हाक गेली ती गेलीच.

मी हसत होते की रडत होते, सांगता येणार नाही. भाजीवाल्याचं ते बोलणं इतक्या वर्षांत मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी गौरी पुन्हा कामाला बसली, कुणाचं तरी मागे राहिलेलं नीट पुसलं जावं म्हणून. तिने ते चोख करावं असं मला मनापासून वाटतं... आणि जे पुसायचं राहून गेलं, त्याचे आभारही मानावेसे वाटतात. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मात्र तिला विचारलं नाही.