शेवटच्या ओळीतलं नाव

सत्तर सालाच्या आसपास इंदोऱ्याच्या वस्तीत रुपराव गायन पार्टीचं नाव न ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. जयंती असो, कोणाच्या घरचं बारसं असो की वाडीच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीतला कार्यक्रम असो, रुपरावनं पेटी पुढ्यात ओढली की बायका चूल अर्धवट टाकून यायच्या. गळा गोड, चेहरा देखणा. 'काय लिहिते बाप्पा हा मानूस!' असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला! रुपरावला दोन ओळी जुळवता येत नव्हत्या.

गाणी करायची त्याची बायको भागीरथा. माहेर मौद्याकडचं, शाळेचं तोंड न पाहिलेली, बिड्या वळून घर चालवणारी. मांडीवर सूप, हातात कात्री आणि बाजूला भिजवलेल्या पानांचा ढीग. पानं कापता कापता तिला शब्द सुचायचे आणि कात्रीच्या ठेक्यात नीट बसायचे. ती म्हणायची, रुपराव पाठ करायचा आणि संध्याकाळी पार्टीला शिकवायचा. कोरसमधला ताराचंद शेजारीच राहायचा, चहाच्या निमित्तानं रोज तिथंच पडलेला असायचा. कोणतं गाणं कोणाच्या तोंडून निघालं, हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

या गाण्यांत शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफतात. पहिल्या गाण्यात भागीरथानं सरळ आपलं नाव घातलं. रुपराव हसला.

"काहून वं, पार्टी माझी अन् नाव तुझं? लोकं म्हणतीन, बायको लिहिते अन् हा नुसता तोंड हलवते. आता चालू दे माझ्या नावानं. एक दिवस मी माइकवर सांगीन सगळ्याइले."

"सांगान न पण?"

"सांगीन वं."

तिनं मान्य केलं. पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं कसं? छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्या घरातले देव गेले, नवस गेले, उपासतापास गेले. ही एक रीत मात्र टाकून द्यायची कोणाला आठवण झाली नाही. मग ती शेवटच्या ओळीपर्यंत यायची, नावाच्या जागी सुपावर कात्री वाजवायची आणि पुढचे शब्द म्हणायची. रुपराव त्या जागेत ऐटीत जाऊन बसायचा. ते नाव एकदा जरी तिला स्वतःच्या जिभेनं घालावं लागलं असतं, तर आपलं काय चाललंय हे तिला तिथंच बोचलं असतं. नवऱ्याचा मान राखायच्या नादात तिनं आपली जागा आपल्याच हातानं रिकामी करून दिली.

'पाटी घे रे हाती लेका, टोपली टाक खाली' हे तिचं गाणं तर असं गाजलं, की पोरांना शाळेत हाकलताना आया तेच म्हणायच्या. भागीरथा कार्यक्रमात बायकांच्या मागे बसून ऐकायची. दर वेळी तिला वाटायचं, आज सांगतील. कार्यक्रम संपला की रुपराव गळ्यातला हार काढून तिच्या ओटीत टाकायचा. "आज गर्दीच लय होती. पुढच्या खेपेले सांगतो." वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर तिला भांडता तरी आलं असतं. पुढच्या खेपेचं सांगत सांगत एकोणऐंशी साली तो छातीच्या दुखण्यानं गेला.

तीन वर्षांनी वस्तीतल्या मंडळानं जुन्या गीतकारांचा गौरव करायचं ठरवलं. अध्यक्ष ताराचंद. आता तो हापिसात मोठा बाबू झाला होता. रुपरावच्या नावाचा सत्कार, शाल भागीरथानं घ्यायची. ती त्याच्या घरी गेली.

"ताराचंदा, तुले तर ठाऊक हाय. तू सांग न गा लोकाइले."

ताराचंदनं नजर खाली घातली. "मले सब ठाऊक हाय, वयनी. पण आता सांगतलं तर लोकं रुपरावभाऊले चोर म्हणतीन. आपल्याच मान्सावर चिखल काहून उडवा?"

भागीरथाच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्याच्या अब्रूची एवढी काळजी, आणि जिवंत बाई समोर बसलीय तिचं काय? पुढ्यात ठेवलेला चहा तसाच टाकून ती उठली. कोणी सांगत नसेल तर आपणच सांगायचं, असं तिनं ठरवलं. 'पाटी घे रे'च्या चालीत तिचं नाव जरा लांब पडायचं. बिड्या वळता वळता तिनं ते घोटून घोटून बसवलं.

कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे आला, तेव्हा ती म्हणाली, "बोलता नाही येत मले. गानं म्हणते." लोक खूश झाले. आवाज पिकला होता, पण ठेका पक्का होता. सगळं मैदान तिच्याबरोबर म्हणू लागलं. मग शेवट आला.

'मागं वळून पाहू नको, लांब तुले जाणं,
भागीरथा म्हणे, लेका, हेच माझं गाणं.'

भोंग्यातून आपलं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लोक थबकले. समोरची एक बाई हसून ओरडली, "नाव चुकली वं बाई!" भागीरथानं ताराचंदकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरला असता. ताराचंद उठला, माइकशी आला.

"चुकली नाही," तो म्हणाला. भागीरथाचा जीव कानात गोळा झाला. "जुन्या वळणाची बाई हाय. नवऱ्याचं नाव तोंडानं कशी घेईन बिचारी? म्हणून आपलं घालून वेळ मारून नेली. चला, तिच्यासाठी आपन सगळे म्हणू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि सगळ्या मैदानानं, मायेनं, एका सुरात, रुपरावचं नाव घालून ती ओळ म्हटली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण एवढ्या गळ्यांपुढे एका म्हातारीचा गळा काय पुरणार?

शाल पांघरवताना ताराचंद तिच्या कानाशी वाकला. "नाराज नको होऊ, वयनी. नाव तर घरातच राहिलं न?"

"हो गा," भागीरथा म्हणाली. "माझं घरातच राहिलं."

ताराचंद तोवर पुढच्या सत्काराचं नाव पुकारायला माइककडे वळला होता.