झरीच्या रानातला गणिताचा पेपर

पेपर चालू असताना बालाजी कधी खुर्चीवर बसला नाही. पाणी प्यायला नाही. टोपी किंवा रुमाल त्याला चालत नसे. डोकं झाकलं की पोरं ओळखत नाहीत, असं त्याचं म्हणणं. खडूचा नखाएवढा तुकडाही तो खिशात टाकायचा, मग धुण्याच्या बादलीतलं पाणी पांढरं व्हायचं. घड्याळ उजव्या हातात. एखाद्या पोराच्या वहीवर ऊन आलं की खिडकी लावायच्या ऐवजी स्वतः मध्ये उभा राहायचा, उन्हाकडे पाठ करून, आणि ऊन सरकेल तसा सरकायचा. पेपरवर पर्यवेक्षकाच्या सहीची चौकट असते. इतर शिक्षक गठ्ठ्यावर आधीच सह्या मारून मोकळे होतात. हा पेपर हातात पडल्यावरच सही करायचा. आणि पोरांना एकच धाक: पेपर सरांच्या हातात देईपर्यंत जागचं उठायचं नाही. काही झालं तरी.

तीन वर्षं आम्ही जिंतूरला सरजाबाईंच्या घरात भाड्याने राहिलो, शेजारशेजारच्या खोल्यांत. मी मराठीचा एम.ए., कॉलेजात तासिकेवर शिकवणारा. तो माझ्यापेक्षा बराच मोठा. गाव चुडावा. चारठाण्याच्या पुढच्या एका शाळेत गणित शिकवायचा. मला 'कवी' म्हणायचा. मी एकही कविता लिहिलेली नव्हती.

"कवी, चहा ठेव. जुळलं का यमक?"

"नाही."

"माझ्याकडं ये. माझी बेरीज तरी जुळती."

त्याच्या सवयींवर मी हसायचो. आता त्या एकेक करून आठवतात, आणि प्रत्येक सवय त्या दुपारीच जाऊन पोचते.

त्याच्या शाळेत निम्मी पोरं मेंढपाळांची. दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला, होळीनंतर बाकं रिकामी. बबिता आठवीत होती. वर्गात सगळ्यात आधी तिचं गणित सुटायचं, पण ती हात वर करायची नाही. वही पालथी ठेवून बसायची. बालाजीला ते कळायला एक वर्ष लागलं. मग तिच्याशिवाय दुसरं बोलणंच नसायचं.

होळीच्या सुमारास तिचा बाप शाळेत आला. बिरदेव. दारातच उभा राहिला, काठी बाहेर ठेवून.

"सर, पोरगी हुशार हाय म्हन्ता तुमी."

"हायच."

"मंग कागदावर दिसू द्या. औंदा आठवीला नापास करायलेत म्हनं. गणितात पास झाली तर जिंतूरला ठिवतो होस्टेलात. न्हाई झाली तर सोयरे येनार हायत बघायला."

"अहो, चौदाची हाय ती. कायद्यात बसत न्हाई."

"आमच्या रानात कोन बघायलंय कायदा?"

"नापास झाली तरी जूनमधी परत परीक्षा असती."

"परत-बिरत काय न्हाई. एकदाच."

बालाजीने हात पुढे केला. बिरदेवने आधी धोतराला हात पुसला, मग दिला. त्या रात्री बालाजीने मला हे दोनदा सांगितलं. "हात दिलाय त्यानं, कवी. धनगराचा हात हाय."

यंदा वर्षअखेरची चाचणी एप्रिलच्या शेवटावर ढकलली गेली. सगळीकडे एकच छापील पेपर, सीलबंद पाकिटातला. तोवर डोंगरावर चारा उरला नव्हता. रबी निघाली की मेंढपाळ झरीकडच्या काळ्या रानात उतरतात. शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं शेतात बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. बिरदेव कळप घेऊन गेला. घरी मागे कोणी नव्हतं, म्हणून त्याची म्हातारी आई कासाबाई आणि बबिताही गेल्या.

गणिताच्या दिवशी बबिताची जागा रिकामी राहिली.

गैरहजर मुलाची चाचणी नंतर घेता येते. मूल असेल तिथे जाऊनही. मुख्याध्यापक बन्सीधर गुरुजींनी दुसरा मार्ग सुचवला. ते निवृत्तीला आले होते आणि माणूस प्रेमळ होता.

"कशाला उन्हातान्हात हिंडतोस? आन तो पेपर इकडं. डाव्या हातानं लिहितो, अक्षर पोरीसारखंच येतं."

"गुरुजी, तिच्या बापाला शब्द दिलाय."

"मंग पासच करायचीय ना? करायलोच की मी पास."

"तुमी पास व्हाल. ती न्हाई."

गुरुजी खूप हसले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. सांगताना हसले नाहीत.

तो आठवडा मला नीट आठवतो. चिमण्या टाकीखाली चोची उघड्या टाकून बसायच्या. पिंपळावरची वटवाघळं खाली पडत होती. सकाळी झाडणारी बाई ती सुपात भरून न्यायची. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. दुपारी गाव इतकं गप्प व्हायचं, की कुठेतरी कुणीतरी काही लपवून ठेवलंय असं वाटायचं.

निघायच्या दिवशी मी त्याला म्हणालो, "सकाळीच जाऊन ये ना."

"सकाळी मेंढरं चालत असतात. पोरगी त्यांच्या मागं. पेपर काय चालता चालता लिहील?"

"मग संध्याकाळी."

"संध्याकाळी परत चालतात. दुपारीच थांबतात फक्त. तू बघितलं न्हाईस कधी? ऊन वाढलं की एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभ्या राहतात. मंग काठी मारली तरी हलत न्हाईत. तेवढ्यात पेपर होतो."

सरजाबाई ओट्यावर आल्या. "सर, आज नका जाऊ. माझं मन न्हाई घ्यायलं."

"बाई, उद्या काय सूर्य सुट्टीवर हाय का?"

"मंग डोक्याला बांधा तरी. आन् हा कांदा ठिवा खिशात. ऊन बाधत न्हाई."

कांदा त्याने ठेवला, खडूच्या तुकड्यांबरोबर. रुमाल परत दिला. पाकीट शर्टाच्या आत घातलं, कंपासपेटी डिकीत. मोटारसायकल सुरू केली.

"कवी, पाचला चहा ठेव."

मी चहा ठेवला होता. त्याच्या नंबरवरून फोन आला तेव्हा पाणी उकळत होतं. आवाज दुसऱ्याच माणसाचा. झरीकडचा शेतकरी. तुम्ही सरांचे कोण, म्हणाला. मी म्हणालो, शेजारी. तो म्हणाला, परभणीला या, दवाखान्यात. घाई करू नका.

घाई करू नका, या शब्दांनी मला कळलं.

उष्माघात, डॉक्टर म्हणाले. त्याच्या वस्तू मला एका पिशवीत दिल्या. घड्याळ चालू होतं. कांदा शिजल्यासारखा मऊ झाला होता.

चुडाव्याला अंत्यविधी झाला. इतकी वर्षं शब्द शिकलो आणि त्याच्या आईसमोर नुसता उभा राहिलो.

मोटारसायकल अजून रानातच होती. काही दिवसांनी किल्ली घेऊन मी एसटीने झरीला उतरलो. निघताना बन्सीधर गुरुजींचा फोन आला. "तो पेपर तिथंच असल बघ. घेऊन ये. मी सही करतो. पोरीचं भलं होईल. बालाजीच्या जिवाला बरं वाटंल."

मलाही ते पटलं.

मोटारसायकल कालव्याकडेला सापडली. तिथून पुढे नांगरलेलं काळं रान होतं, ढेकळांचं. चाक जाणार नाही असं. तो हे सगळं चालत गेला असणार. एवढ्या मोठ्या रानात एकच बाभूळ. तिच्या पलीकडे बऱ्याच अंतरावर बिऱ्हाड: एक तट्टू, चूल, पाण्याचा डेरा. दुपार झाली होती. मेंढरं तशीच उभी होती, त्याने सांगितल्यासारखी. सगळ्यांची डोकी खाली. एकही तोंड दिसत नव्हतं.

कासाबाईने मला पाणी दिलं. मी पूर्ण पिईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

"सर आले तवा सावली पायाखाली व्हती," ती म्हणाली. "ताक देते म्हनलं. म्हनले, पेपर झाल्यावर. बाभळीखाली कोकरं व्हती. हाकलते म्हनलं, तर म्हनले ऱ्हाऊ द्या, लहान हायत. कडंला घोंगडं टाकलं पोरीला. मी हिकडं येऊन भाकरी करत बसले. पेपरात मानूस नसावं म्हनले."

"मग?"

"मंग हिला इचारा."

बबिता उभी राहिली. शाळेत उत्तर देताना राहतात तशी, हात मागे बांधून.

"पेपरवर ऊन यायलं व्हतं. कागद लय चमकत व्हता. सर मागं उभे राहिले, पण सावली पडंना. मंग वाकले. तसेच वाकून उभे राहिले."

"बसले नाहीत?"

"सर पेपरात कुटं बसतेत?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आधी म्हनले, अर्धा तास राहिला. मी दोन गणितं केली. मंग म्हनले, पाऊण तास राहिला. मला हसू आलं. मला वाटलं, सर मुद्दाम येळ वाढवून द्यायलेत."

कासाबाईने तोंड फिरवलं.

"मंग म्हनले, थांब. पेन खाली ठेव. मी पानी पिऊन येतो. मी आल्याबिगर लिहायचं न्हाई. आन् गेले. बिऱ्हाड हिकडं, आन् सर तिकडं गेले." तिने उघड्या रानाकडे बोट केलं. तिकडे ढेकळांवरून झळा उठत होत्या, दुसरं काहीच नव्हतं. "बांधावर बसले. मंग आडवे झाले."

"तुला दिसत होते?"

"दिसत व्हते. हाका मारल्या मी. लय मारल्या."

ती माझ्याकडे बघून, समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "पेपर सरांच्या हातात दिला नव्हता ना. उठता येत नव्हतं."

बिरदेव तेव्हा गावात गेला होता. म्हातारीला हाका ऐकू आल्या नव्हत्या. पोरगी जागेवर बसलेली दिसत होती, म्हणजे पेपर चालू आहे असं तिला वाटलं. भाकरी झाल्यावर ती बघायला गेली.

त्या पोरीचा यात काहीच दोष नव्हता. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिला दोषाचं काही कळलं नसावं. तिने नियम पाळला होता. मला मात्र बाभळीकडे बघवेना.

बिरदेव आला. डोक्याचं मुंडासं हातात होतं. माझ्यापुढे उकिडवा बसला.

"तुमी सरांचे दोस्त?"

"हो."

"सोयऱ्यांचा फोन आला व्हता. पोरगी पास झाली का, इचारतेत. मी काय सांगू?"

मी म्हणालो, "पेपर द्या माझ्याकडं. गुरुजी तपासतील. सही पण करतील. पास होईल ती."

"दे गं," तो बबिताला म्हणाला.

तिने घोंगड्याच्या घडीतून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात पेपर होता, कंपासपेटी होती आणि बालाजीचं पेन. पण पिशवी तिने हातातून सोडली नाही.

"ह्यांना न्हाई देता येत."

"अगं, शिकल्याले हायत ते. मास्तरच हायत."

"आमच्या पेपराला न्हाईत. आन् एक गणित राहिलंय."

"मंग लिही की आता. बसतेत हे समोर."

"सर म्हनले, मी आल्याबिगर न्हाई."

बिरदेव तिच्या हातातल्या पिशवीकडे बघायला लागला. मला वाटलं, तो हिसकावून घेईल. डाव्या हाताने लिहायला निघालेले गुरुजी, आणि त्यांच्यासाठी पेपर न्यायला आलेला मी. बालाजीने दोघांनाही एकच उत्तर दिलं असतं.

शेवटी बिरदेवने मुंडासं डोक्याला गुंडाळलं. सावकाश, एकेक वेढा.

"सरांच्या हातात हात दिलाय मी," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे. "सोयऱ्यांला सांगतो, पोरीचा पेपर अजून चालू हाय."

कासाबाई म्हणाली, "किती दिवस सांगशील?"

त्याने काठी उचलली. ऊन कलायला लागलं होतं. मेंढरांतलं एक डोकं वर आलं, मग दुसरं. कळप गोदावरीकडे निघायचा होता.

जायच्या आधी बबिताने मला पेपर दाखवला, नुसता लांबून, दोन्ही हातांत धरून. शेवटचा प्रश्न रचनेचा होता. एक रेघ काढलेली, तिच्यावर कंपासने एक कंस. दुसरा कंस काढायचा राहिलेला. वर उजव्या कोपऱ्यात, पर्यवेक्षकाच्या सहीच्या चौकटीला खडूचं पांढरं बोट लागलं होतं. चौकट कोरी होती.